ओवाळणीत मागितलेलं मत

आमच्या गावच्या नगरपालिकेनं माझ्या वडिलांच्या नावानं वर्षातला एक दिवस ठरवून दिला, आणि तोही ते चांगले हिंडते-फिरते असताना. रीतसर ठराव झाला, सभागृहात बाकं वाजली, सांगलीच्या पेपरात चौकट टाकून बातमी आली. लेकीनं खरं तर मिरवावं अशी गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन साताऱ्याला गेले होते, आणि नव्या सुनेला सासरी मिरवायला माहेरचं काहीतरी लागतंच. पण त्या दिवसाचा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून आत जायची. आजही कुणी विचारलं, तुमच्या वडिलांच्या नावाचा दिन असतो ना गावात, तर मी हो म्हणते आणि चहा टाकायला उठते.

गावाचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठचं आहे, आष्ट्याहून फार लांब नाही, अर्धं गाव उसावर जगतं आणि अर्धं बाजारावर, एवढं पुरे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, पुढं मेंबर झाले, मग नगराध्यक्ष. आणि गावात नळाचं पाणी त्यांनी आणलं, हे खरं आहे. बापाची लाज वाटते म्हणून त्यानं केलेलं मी झाकणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात नदी इतकी आटली की बायका वाळूत खड्डे काढून वाटीवाटीनं घागर भरायच्या. ते बघून आबांनी कागद काखोटीला मारून सांगली-मुंबईच्या खेपा घातल्या आणि टेकावर टाकी उभी केली. पेठेतल्या नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा आई नळाला हळदकुंकू वाहून आली होती. मलाही तेव्हा आबांचा अभिमान वाटला होता.

पण अभिमान दुसऱ्यानं करावा तेवढाच बरा. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं ताम्रपट वाटले. आबांना मिळाला, पण आमच्या भागात तो इतक्या जणांना मिळाला की आबांच्या मते त्यातले निम्मे बेचाळीस साली पोटात दुखतंय म्हणून घरी झोपलेले होते. मग विधानसभेचं तिकीट दुसऱ्यालाच गेलं. हे दोन्ही त्यांच्या जिव्हारी लागलं. माणसानं पन्नाशी ओलांडली की आपल्यामागं काय राहणार ही भुणभुण सुरू होते, आणि भोवती हांजी हांजी करणारी चार डोकी असली की मग बघायलाच नको. त्यांच्यापैकीच कुणीतरी सुचवलं, की गावानं अध्यक्षांच्या नावाचा एक दिवस पाळावा. आबा म्हणाले, छे छे, हे काय भलतंच. आणि दोन दिवसांनी त्यांनीच विचारलं, की समजा पाळायचा म्हटला तर तो दिवस कुठला.

वाढदिवस म्हणावा तर आबांची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती. शाळेच्या दाखल्यावर एक जून. आमच्याकडं त्या पिढीतलं निम्मं गाव एक जूनला जन्मलंय, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख ठोकून दिली. एक जून धरला असता तर निम्मे मेंबर म्हणाले असते, मग आमचाबी पाळा. शिवाय तेव्हा शाळांना सुट्टी, प्रभातफेरीला पोरं कुठून आणणार. म्हणून मग पेठेत पाणी आलं ती थंडीतली तारीख धरली. दरवर्षी त्या तारखेला आबांच्या नावाचा दिन, शाळांची प्रभातफेरी, चौकात सभा, पालिकेला सुट्टी, आणि हे सगळं कायमचं, असा ठराव लिहिला गेला. गावातले टवाळ म्हणायचे, जित्या माणसाचा दिवस घालायला निघालेत. मला त्यावर हसू आलं नाही.

या ठरावाच्या आड एकच माणूस आला, आणि तो आमचा मामा होता.

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ नव्हे. आई मेढ्याकडची, डोंगरातली. आईबाप लहानपणीच गेलेले, भाऊ नाही, चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. लग्नाला दोन महिने होतात न होतात तोच पोलीस आबांना घेऊन गेले. पहिल्या भाऊबिजेला शेजारपाजारच्या सगळ्या बायकांचे भाऊ आले, आणि आई दारात उभी राहून दुसऱ्यांचे भाऊ बघत होती. ते आबांच्या शाळासोबत्यानं येता-जाता पाहिलं. हा तांबोळ्याचा मुलगा, घरचा विड्याच्या पानांचा धंदा. चळवळीची पत्रकं पानांच्या डालग्यात तळाशी घालून यानंच गावोगाव पोचवलेली. पण तो कधी सापडला नाही, आणि न सापडलेल्याला पुढं ताम्रपट मिळत नाही. तर त्या दिवशी तो पेठेतून एक लुगडं घेऊन आला आणि म्हणाला, वहिनी, मला ओवाळा. आईनं कुंकवात बोट बुडवलं आणि ती घुटमळली. तेव्हा तो म्हणाला, लावा की, कपाळ काय झिजतंय व्हय. त्या दिवसापासून ती वहिनीची 'बाई' झाली आणि तो तिचा 'दादा' झाला.

त्यानंतर एकही भाऊबीज चुकली नाही. सांगलीहून आणलेलं इरकली लुगडं, त्यावर पानांचा पुडा, आणि दुपार व्हायच्या आत मामा दारात. माझ्या आजीला हे पसंत नव्हतं. मुसलमानाचं ताट सोप्यावर वाढायचं, आत नाही, असा तिचा हुकूम. आबा तुरुंगातून सुटून आले तेव्हा पहिल्याच भाऊबिजेला त्यांनी स्वतःचं ताट उचललं आणि सोप्यावर मामांच्या शेजारी जाऊन बसले. आजी हरेपर्यंत दरवर्षी तसेच बसले. मग मामांचं ताट आत आलं. असा माझा बाप होता, आणि हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आईला माहेर म्हणजे तेवढा एक दिवस. बाळंतपणं तिनं सासरीच काढली, दुखणीखुपणी सासरीच. एरवी तिचा आवाज कधी माजघराबाहेर ऐकू आला नाही, पण दिवाळी जवळ आली की ती पाणी भरायला येणाऱ्या गड्यालासुद्धा सांगायची, माझा भाऊ येणार हाय. त्या दिवशी ती जरा जोरात बोलायची, जरा जास्त हसायची, आबांना नावं ठेवायची. मामा पुढ्यात बसलेले असले की आबाही ते ऐकून घ्यायचे.

हे मामा पुढं त्यांच्या आळीतून मेंबर झाले. तांबोळी आळी गावाच्या वरच्या अंगाला, चढावर. नळाचा पाइप पेठेत आला, आमच्या आळीत आला आणि चढाच्या पायथ्याशी थांबला. वरचं काम दुसऱ्या टप्प्यात, असं कागदावर होतं. वरच्या बायका पायथ्याच्या आडावरून घागरी चढवायच्या. आणि पानाचा धंदा म्हणजे पाण्याचाच धंदा, दिवसातून दोन-तीनदा शिंपडलं नाही तर पान पिवळं पडतं. म्हणून मामांनी आबांना तोंडावर सांगितलं, "पाणी वर येऊ दे गड्या, दोन्ही हात वर करतो. तवर न्हाई." त्यात राग नव्हता. आळीला त्यांनी शब्द दिला होता की पाणी आल्याशिवाय या ठरावाला माझा हात वर व्हायचा नाही. गरिबाच्या आळीजवळ पालिकेत दुसरं होतंच काय, तो एक हात होता.

एका मतानं ठराव काही पडणार नव्हता. पण आबांना तो सर्वानुमते हवा होता. जित्या माणसाच्या नावाचा ठराव, त्यात एकाचा विरोध नोंदला गेला की जिल्ह्याला कुणीतरी खुसपट काढणार, आणि पेपरवाले नेमकं तेच छापणार. त्यातून विरोध कुणाचा, तर बेचाळीसच्या सोबत्याचा. आबांनी चहाला बोलावून बघितलं, मधे माणसं घालून बघितली, एकदा रागावूनही बघितलं. मामा हसून म्हणायचे, पाइप टाक की, मग कशाला माणसं धाडतोस.

माझी ती लग्नानंतरची पहिली दिवाळी. पाडवा झाला, आमचे हे साताऱ्याला परत गेले, मी भाऊबिजेसाठी मागं राहिले. सकाळी आई चुलीवर बासुंदी आटवत होती आणि मी पुऱ्या तळत होते. आबा स्वयंपाकघरात आले आणि पाट ओढून बसले. असं ते कधी करत नसत. आधी बासुंदीच्या वासाचं कौतुक केलं. मग म्हणाले, आज तुझा भाऊ आला की ओवाळणीत त्याचा हात मागून घे, त्या एका ठरावापुरता.

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, ओवाळणी मागून घेत नाहीत, भाऊ घालील ती घ्यायची असते. आबा म्हणाले, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर सांगतोय. निरांजन हातात असताना बहिणीनं मागितलेलं भाऊ मोडत नाही, आणि तो तर मुळीच मोडणार नाही. हे ते इतक्या सहज बोलले की माझी कढईतली पुरी तशीच करपली. मी म्हटलं, आबा, तुम्हाला हवंय ना, मग तुम्ही मागा त्यांच्याकडं, आईला कशाला पुढं करता. माझी जीभ पहिल्यापासून तिखट, आणि आबांनी ती आजवर कौतुकानं चालवून घेतलेली. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडं न बघता सांगितलं, "तू आता पाहुणी हायेस. पाहुणीवानी ऱ्हा."

मग त्यांनी आईला शब्द दिला. चैत्राच्या आत वरच्या आळीत पाणी नेतो, तुझ्या गळ्याशपथ. म्हणजे तुझ्या भावाचं यात नुकसान काहीच नाही, आधी हात की आधी पाणी एवढाच काय तो फरक. आईनं आयुष्यात त्यांचा शब्द खोटा धरला नव्हता. ती बासुंदी ढवळत गप्प राहिली, आणि तिचं गप्प राहणं म्हणजे हो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबा उठून बाहेर सोप्यावर जाऊन पेपर उघडून बसले. मला आबांची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आईचा राग आला. आज तो राग कमी झालाय. लाज आहे तशीच आहे.

मामा नेहमीच्या वेळी आले. टोपी, इस्त्रीचा सदरा, काखेत लुगड्याचं पुडकं. सोप्यावर आबांना रामराम घातला, माझ्या डोक्यावर हात ठेवून सासरची चौकशी केली आणि पाटावर बसले. आईनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-अंगठीनं ओवाळलं, मग निरांजन उचललं. मामांनी लुगडं ताटात घालायला हात पुढं केला. आईनं ताट मागं घेतलं.

"दादा, यंदा लुगडं नगं," ती म्हणाली. "सभंत हात वर करा."

मामांचा हात तसाच राहिला. त्यांनी सोप्याकडच्या दाराकडं पाहिलं. पलीकडं आबा होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं, आणि पेपरचं पान काही उलटलं गेलं नाही. मामांनी हळू विचारलं, "तू मागतीस का त्यो मागतोय?"

"मी मागती," आई म्हणाली. माझ्या आईला मी खोटं बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"मग दिला," मामा म्हणाले, आणि लुगडंही ताटात ठेवलं. जेवायला बसले. बहिणीच्या घरचं ताट टाकून उठायचं नाही म्हणून चार घास खाल्ले, बासुंदीची वाटी तोंडाला लावली, हात धुतले. पाण्याचा विषय आईनं काढला, चैत्राचा शब्द सांगितला, पण मामांनी नुसती मान हलवली. मग ते सोप्यावर आले. आबा उठून उभे राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, यंदा पानाचा भाव कसा काय. मामा वहाणा घालून निघून गेले.

सभा त्याच आठवड्यात झाली. आबा संध्याकाळी घरी आले ते फुलून. म्हणाले, सगळ्यात आधी हात त्यानं वर केला. सर्वानुमते. आईनं विचारलं, त्याच्या आळीतलं कुणी होतं का बघायला. आबा म्हणाले, होते की मागं दहा-पंधरा, उठून गेले. दुसऱ्या दिवशी धुण्याला येणाऱ्या बाईनं सांगितलं, की सकाळी वरच्या आळीतल्या बायकांनी मामांच्या दुकानाच्या पायरीवर रिकाम्या घागरी ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडलं नाही. आळीत एवढंच बोलत होते, की मेंबरला अध्यक्षानं काहीतरी चारलं. मामांना त्यावर तोंड उघडता येत नव्हतं. बहिणीला ओवाळणी दिली असं सांगितलं असतं तर आईचं नाव चव्हाट्यावर आलं असतं. तेव्हा विकला गेलो म्हणा, असं त्यांनी पत्करलं. हे मला आईनं सांगितलं नाही आणि मामांनीही नाही, पण एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

साताऱ्याला परत गेले तर माझ्याआधी पेपर पोचलेला. माझे सासरे फौजेतून सुभेदार म्हणून आलेले, कडक माणूस, पण मनानं भोळे. त्यांनी चौकटीतली बातमी शेजारच्यांना बोलावून मोठ्यानं वाचून दाखवली आणि पेढे आणवले. म्हणाले, सगळ्या पक्षाची माणसं एका माणसासाठी हात वर करतात म्हणजे काय थट्टा आहे का, असा व्याही मिळायला भाग्य लागतं. मग माझ्या हातावर पहिला पेढा ठेवला. तो मी तोंडात घातला आणि मला तो गिळता येईना. मागच्या दारी जाऊन मी तो थुंकून टाकला, आणि सासूबाईंना वाटलं की मला दिवस गेले. त्यांना काय सांगणार कपाळ, की मला बापाची शिसारी आली. त्यांनी माझी दृष्ट काढली.

पहिल्या दिनाला मला खास बोलावणं आलं. सासऱ्यांनी आनंदानं पाठवलं. चौकात मांडव, नव्या कोऱ्या पाटीवर आबांचं नाव, आणि पाटीपुढं कारंजं. होय, कारंजं. आमच्या गावात कारंजं कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं. पोरं त्याखाली नाचत होती आणि मांडवातल्या माणसांच्या टोप्या भिजत होत्या. मला पहिल्या रांगेत बसवलं, आईला व्यासपीठावर. सकाळी प्रभातफेरी साऱ्या गावातून फिरली होती, वरच्या आळीतूनसुद्धा, आणि शिकवल्याप्रमाणं पोरं ओरडली होती की गावाला पाणी कुणी दिलं. त्यावर वरच्या आळीतलं एकही दार उघडलं नाही, असं फेरीतल्या एका मास्तरीणबाईंनी मला हसत हसत सांगितलं. त्यांना वाटलं, लोक अजून झोपले असतील.

भाषणं सुरू होती. एक म्हातारी घागर घेऊन मांडवाच्या कडेनं आली आणि कारंज्याच्या हौदात सरळ घागर बुडवली. तिला मी ओळखत होते, वरच्या आळीतली, बांगड्या भरायला आमच्याकडं यायची. पालिकेचा शिपाई धावला, तिची घागर उपडी केली आणि तिला हाताला धरून बाजूला नेलं. ती म्हणाली, पाणी हाय की, वाहून चाललंय. एवढंच म्हणाली. मांडवातले लोक हसले. मी व्यासपीठाकडं पाहिलं. आई त्या म्हातारीकडं बघत होती, आणि आबा हारातली फुलं नीट करत होते. सगळ्या गावाचे डोळे माझ्या पाठीला टोचतायत असं वाटत होतं, आणि खरं तर माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. दुसऱ्या टप्प्याच्या पैशातून चौकाचं सुशोभीकरण झालं, हे मला त्याच दिवशी व्यासपीठावरून कळलं. बोलणाऱ्यानं ते कौतुकानं सांगितलं.

चैत्र आला, चैत्र गेला. आईनं आबांना एकदा विचारलं, तर पुढच्या बजेटात घेऊ म्हणाले. दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाले, पालिकेतलं तुला काय कळतंय. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. मामा वर्षभर आमच्या दाराकडं फिरकले नाहीत. पुढच्या निवडणुकीला उभा राहणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं. आळी त्यांच्याकडून पानं घ्यायची, पण दुकानाच्या फळीवर टेकून गप्पा मारायला आता कुणी थांबत नव्हतं.

पुढच्या दिवाळीला मी मुद्दाम गेले. भाऊबिजेला आई पहाटे उठली, न्हाली, बासुंदी केली, पाट मांडला, ताट तयार करून ठेवलं. माझ्याशी बोलत होती, पण कान दाराशी. दहा वाजले, अकरा वाजले. आबा सोप्यावर होते, त्यांना भेटायला माणसं येत-जात होती, आणि दर वेळी वहाणांचा आवाज झाला की आई पदर सावरायची. दुपार टळायला लागली तेव्हा ती उठली, ताटावर रुमाल झाकला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. मी तिच्यामागं गेले. नगराध्यक्षाची बायको ओवाळणीचं ताट घेऊन भर पेठेतून चालत निघाली, असं आमच्या गावानं आधी पाहिलं नव्हतं.

चढाच्या पायथ्याशी आडावर बायका होत्या. आम्हाला बघून रहाट थांबला. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलणार, आणि बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीनं आपली घागर वाटेतून बाजूला घेतली, आई जाऊ शकेल इतपत. मी मान खाली घालून तो चढ चढले.

मामा दुकानात पानांवर पाणी शिंपडत बसले होते. आईला बघून उठून उभे राहिले. तिनं ताटावरचा रुमाल काढला. मामांनी खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला आणि ते दुकानाच्या पायरीवर बसले. आळीतली पोरं जमली, दारादारांतून बायका बघायला लागल्या, आणि त्या सगळ्यांसमोर आईनं त्यांना कुंकू लावलं आणि ओवाळलं. मग मामांनी मागं हात घालून फळीवरून पुडकं काढलं. लुगडं त्यांनी आणून ठेवलेलं होतं. सांगलीहून, नेहमीसारखंच इरकली. फक्त ते घेऊन आमचा उंबरा चढणं त्यांना जमलं नव्हतं.

त्यांनी लुगडं ताटात ठेवलं. आईनं निरांजन खाली ठेवलं नाही.

"लुगड्यासाठी न्हाई आले दादा," ती म्हणाली. "वरसातनं एकदा घरी या. दुसरं काय मागत न्हाई."

मामांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साधाच होता. "बाई, येवढं मागू नगंस," ते म्हणाले. "आता तू काय मागाया लागलीस की मला भ्या वाटतंय."

आई कशीबशी हसली. म्हणाली, व्हय, बरोबर हाय तुमचं. ताट माझ्या हातात दिलं, वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि आम्ही चढ उतरून आलो. वाटेत ती रडली नाही.

आबा सोप्यावर एकटेच बसले होते. माणसं गेली होती. त्यांनी ताटातलं लुगडं बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. म्हणाले, दिलं म्हणजे राग गेला म्हणायचा. पुढच्या वर्षी येईल बघ आपणहून.

आई उंबऱ्यात थांबली. लग्न झाल्यापासून आबांकडं सरळ बघून ती कधी बोलली नव्हती, ती तेव्हा बोलली.

"आवं, तुमाला गावानं वरसाचा एक दिस दिला," ती म्हणाली. "मलाबी एकच हुता."

आई आत गेली. ताट घेऊन मी तिथंच उभी होते, दोन हातांच्या अंतरावर बाप बसलेला होता, आणि मला त्याच्या तोंडाकडं बघवलं नाही.